फिलोमेनानं मनात मागितलेलं

माझी नणंद फिलोमेना ही काही सोपी बाई नव्हे. हे मी ती समोर असतानाही म्हणते, त्यामुळं इथं म्हणायला हरकत नाही. लग्न होऊन मी ब्रुनमाटला आले त्या दिवशी तिनं माझ्या हातात घराच्या किल्ल्या ठेवल्या आणि वर ऐकवलं की, तुमच्या खोऱ्यातल्या बायका बटाटे सालासकट उकडतात म्हणे, आमच्याकडं ते चालत नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर पानात तिनंच उकडलेले सालासकट बटाटे. मी नवऱ्याकडं बघितलं. ओथमार बिचारा मान खाली घालून साल काढत बसला होता. हसू दाबताना त्याचे कान लाल झाले होते.

तर अशी ही फिलोमेना. लग्न केलं नाही. मेंढ्या पाळल्या, चर्चमधले पडदे आणि फादरांचे झगे शिवले, लोकांच्या चुका काढल्या. आमचं लाकडी घर एकच, खालच्या मजल्यावर ती आणि वरच्यावर आम्ही; ओथमार गेल्यापासून वर मी एकटी. मुलगा बर्नला असतो. ती खालून छताला झाडू आपटते तेव्हा समजायचं की माझ्या चपलांचा आवाज फार होतोय. मी वरून मुद्दाम खुर्ची सरकवते तेव्हा तिनं समजायचं की मला समजलं.

आता ज्यावरून हे सगळं घडलं ते सांगते. आमच्या डोक्यावर आलेचची हिमनदी आहे. गावात तिला कुणी हिमनदी म्हणत नाही, नुसतं ‘वरची’ म्हणतात, जशी काही वरच्या मजल्यावरची भाडेकरीण. एके काळी ही वरची फार माजली होती. दरवर्षी खाली सरकायची, तिच्या कडेला पाणी तुंबून तळं व्हायचं, आणि ते तळं फुटलं की आमची शेतं, गोठे, माणसं घेऊन जायचं. तेव्हा गावानं नवस बोलला. दरवर्षी जुलै संपता संपता सगळ्या गावानं फेरी काढून शेताच्या टोकाच्या क्रुसापर्यंत चालत जायचं आणि देवाला सांगायचं की हिला मागं ठेव. बदल्यात त्या दिवशी गावात नाचगाणं नाही, आणि बायकांनी आतून लाल परकर घालायचा नाही. लाल परकराचा आणि बर्फाचा काय संबंध हे मला आजवर एकाही फादरांना सांगता आलेलं नाही.

पण खरा नवस पुढंच आहे. मागणं मोठ्यानं म्हणायचं नसतं. पुरात ज्या घराचं सगळ्यात जास्त गेलं त्या घरच्या लेकीच्या हातात एक काठी असते, ती पुढं चालते. क्रुसापाशी पोचली की काठी जमिनीवर आडवी ठेवते आणि गप्प उभी राहते. तेवढ्या वेळात गावाचं मागणं एकटीनं मनातल्या मनात मागते. बाकीच्यांनी काही मागायचं नाही. मन रिकामं ठेवायचं, म्हणजे तिचं मागणं गर्दीत हरवत नाही. तिनं काठी उचलली की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. मन रिकामं ठेवणं किती अवघड असतं ते करून बघा. मी दरवर्षी तेवढ्या वेळात रात्री काय रांधायचं ते ठरवायचे.

ते घर आमचं. काठी सुनेच्या हातात जात नाही, लेकीच्याच जाते, आणि घरात शेवटची लेक फिलोमेना. आत्याच्या पाठीमागं कोवळ्या वयातच तिच्या हातात काठी आली. काठीवालीला आणखी एक नियम असतो, तिनं वर बर्फाकडं जायचं नाही. ज्याच्यावर दावा लावलाय त्याच्या अंगणात जाऊन बसत नाहीत, तसंच. त्यामुळं फिलोमेनानं वरचीला कधी जवळून बघितलंच नव्हतं. लहानपणी क्रुसापासून तिचं टोक दिसायचं, तेवढंच. मी मात्र दर उन्हाळ्यात रोपवेच्या वरच्या टोकाला दुकान मांडून बसते, कॉफी, सूप, वरचीच्या फोटोंची पोस्टकार्डं विकते. म्हणजे एक नणंद तिला हाकलायला बसलेली आणि एक भावजय तिच्यावर पोट भरतेय. ओथमार म्हणायचा, आमच्या घराला दोन्ही बाजूंनी विमा आहे.

वरची मागं सरकत गेली. आधी क्रुसापासून दिसायची थांबली, मग मेंढ्यांच्या कुरणावरून दिसायची थांबली. आधी लोक म्हणायचे देव पावला. मग म्हणायला लागले जरा जास्तच पावला. डोंगरातून पाटानं येणारं पाणी ऑगस्टमध्ये आटायला लागलं, कुरणं पिवळी पडायला लागली, तेव्हा पंचायतीतली माणसं आणि फादर एकत्र बसले. बिशपांना लिहिलं, बिशपांनी पुढं रोमला लिहिलं, आणि एका वसंतात होकार आला. नवस फिरवायला परवानगी आहे. यापुढं ब्रुनमाटनं देवाला सांगायचं की हिला वाढू दे, हिला राहू दे.

फादरांनी रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ते वाचून दाखवलं. लोक खूष झाले, बाहेर येऊन एकमेकांचे हात हातात घेत होते. फिलोमेना सरळ घरी गेली. मी पोचले तर माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला काठी टेकवून ठेवलेली. खाली जाऊन विचारलं तर म्हणाली, दुसरं कुणी बघा. दुसरं कोण बघणार? घरानं काठी टाकली की नवस संपला, असंच आमच्याकडं धरतात. इतक्या पिढ्यांचं चालत आलेलं, दुष्काळात, लढाईत न मोडलेलं, ते फिलोमेनाच्या एका नकारावर येऊन अडकलं. आणि फिलोमेनाचा नकार कसा असतो हे सगळ्या गावाला ठाऊक.

फादर समजवायला आले. तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. त्यांना वाटलं की बाईला अपराधी वाटत असेल, आपल्या मागण्यानं बर्फ वितळला असं. म्हणून त्यांनी प्रेमानं सांगितलं की हे तुमच्यामुळं झालेलं नाही. जगभर धूर वाढलाय, हवा तापलीय, सगळ्याच हिमनद्या आटतायत, जिथं कुणी नवस बोललेला नाही तिथल्याही. फिलोमेनानं त्यांच्यापुढं कॉफी ठेवली आणि विचारलं, “म्हणजे मी इतकी वर्षं मागत होते, त्यानं काहीच झालं नाही म्हणता?” फादर गडबडले. तसं नाही, देव सगळ्यांचं ऐकतो, म्हणाले. “मग मीच केलं म्हणता.” फादरांनी कॉफी संपवली, टोपी घेतली आणि गेले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मला त्यांची दया आली, आणि तिची पण आली, पण ते मी तिला दाखवलं नाही.

मग गावात जो तो तिला अक्कल शिकवायला लागला. बेकरीत, दूध घालायच्या ठिकाणी, सगळीकडं एकच. अगं नुसती काठी घे आणि उभी राहा. मनात काय म्हणतेस ते कुणाला कळतंय? जुनं म्हण, नवं म्हण, काही म्हणू नकोस. मीसुद्धा एकदा तेच बोलून गेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली लोकर तशीच टाकून आत गेली आणि कडी लावून घेतली. पुढं बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, नेहमीचा रुसवा आहे, चालायचंच.

खरं सांगायचं तर आमच्यात एक गाठ आधीपासूनच होती. ओथमारनं उमेदीची वर्षं धरणाच्या बोगद्यात घालवली. दगडाची धूळ छातीत गेली ती गेलीच. शेवटचे तीन उन्हाळे तो वरच्या खोलीत पडून होता. सगळं मी केलं. फिलोमेना दारात यायची, जेवलास का विचारायची आणि जिना उतरून जायची. आत येऊन कधी बसली नाही. त्याची एकुलती एक बहीण. तिसऱ्या उन्हाळ्यात फेरीच्या दिवशीच त्याचं जास्त झालं. आदल्या संध्याकाळी फादर येऊन मरणाआधीचं तेल लावून गेले होते. मी सकाळी खाली जाऊन फिलोमेनाच्या हाता-पाया पडले म्हटलं तरी चालेल. म्हटलं, आज जाऊ नकोस, आजचा दिवस जाऊ दे. तिनं काठी उचलली आणि गेली. परत आली तोवर मी त्याचे डोळे मिटले होते.

मी तिला दारातच म्हणाले, तुला भावापेक्षा बर्फ मोठा झाला. त्यानंतर आम्ही भांडलो, हसलो, एकत्र जेवलो, नाताळाला एकमेकींना मोजे विणून दिले. पण ते वाक्य मी परत घेतलं नाही आणि तिनं त्याला उत्तर दिलं नाही. बारा महिने एका घरात राहून माणसं किती गोष्टी न बोलता ठेवू शकतात, हे आमच्याकडून शिकावं.

फेरी जवळ आली होती. एक दिवस सकाळी मी दुकानाला निघाले तर फिलोमेना अंगणात उभी. जाड तळव्याचे बूट घातलेले, डोक्याला रुमाल, पाठीला पिशवी. म्हणाली, “मला वर घेऊन चल. जिच्यासाठी मागायचं तिचं तोंड तरी बघू दे.”

मी नियमाची आठवण करून दिली. ती म्हणाली, नियम तिला माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत आहे. मी तिला घेऊन निघाले. तिचा विचार बदलायची शक्यता एवढीच दिसत होती, आणि ती मला घालवायची नव्हती.

रोपवेत ती पहिल्यांदाच बसत होती. दांडा दोन्ही हातांनी धरून खाली बघत राहिली आणि तिच्या कुरणाचं कुंपण कुठं कुठं मोडलंय ते मला सांगत राहिली. वर पोचल्यावर माझ्या दुकानातली पोस्टकार्डं तिनं एकेक करून बघितली. जुन्या फोटोत बर्फ काठोकाठ भरलेला, नव्यात निम्मा. यातला खरा कुठला, म्हणून विचारलं. मी म्हटलं दोन्ही खरे, पण जुना जास्त खपतो. तिनं जुनं कार्ड जागेवर ठेवलं, नवं उलटं करून ठेवलं.

तिथून पुढं डोंगराच्या पोटातून बोगदा जातो. पलीकडं लिअँडरची लहानशी खानावळ आहे, चालणारी माणसं तिथं थांबतात. लिअँडर रोज सकाळी छोट्या जीपमधून पाव, दूध, गॅस घेऊन जातो. त्यानं आम्हांला दुधाच्या कॅनच्या मधे बसवून घेतलं. त्याच्या जिभेला हाड नाही. फिलोमेनाला म्हणाला, काय आत्या, आज फिर्यादीच आरोपीच्या घरी? ती म्हणाली, “समोर बघून चालव.” बोगद्यात अंधार, भिंतींवरून पाणी ठिबकत होतं. मला त्या ओल्या दगडाच्या वासानं नेहमी ओथमारचे कपडे आठवतात.

खानावळीपासून पुढं चालत जायचं. वाट गुळगुळीत खडकांवरून जाते. हे खडक बर्फानंच घासलेले, पण बर्फ तिथून कधीचा निघून गेलाय. मला धाप लागली. ती आपली मेंढ्यांमागं जावं तशी एका चालीनं पुढं. लिअँडर आमच्याबरोबर आला, दोन म्हाताऱ्यांना एकटं सोडलं तर गाव त्याला सोडणार नाही म्हणून. शेवटच्या उंचवट्यावर ती थांबली आणि मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

मी वरचीला इतक्या वेळा बघितलंय, पण त्या दिवशी तिच्या डोळ्यांनी बघितली. फिलोमेनाला पांढरीशुभ्र काहीतरी बघायला मिळेल असं वाटलं असणार. समोर होतं ते करडं, मळकट, दगडगोट्यांनी भरलेलं, बरीच वर्षं न कातरलेल्या मेंढीच्या पाठीसारखं. मात्र केवढं होतं. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत, आणि वर बघावं तर वळणामागं वळण, कुठं संपतच नाही. मधे मधे भेगा, भेगांच्या आत निळं. खालून कुठून तरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, एकसारखा, मोठा. आणि पलीकडच्या कड्यावर बऱ्याच उंचीवर एक सरळ रेघ होती. रेघेच्या वर गवत, झुडपं. खाली नुसता फिकट, उघडा दगड.

“ती रेघ कसली?” तिनं विचारलं.

मी सांगितलं की मी लग्न होऊन आले तेव्हा बर्फ जवळजवळ तिथपर्यंत होता. फिलोमेना त्या रेघेकडं बघत राहिली. बर्फाकडं बघितलं त्याच्या कितीतरी जास्त वेळ ती रेघेकडं बघत होती. मग खाली उतरायला लागली. लिअँडर म्हणाला, आत्या, कडेपर्यंतच, पुढं पोकळ आहे. ती कडेपर्यंत गेली, वाकली आणि बर्फावर हात ठेवला. उन्हानं वरचा थर पाझरत होता, तिच्या बोटांमधून पाणी ओघळत होतं. हात तसाच ठेवून ती म्हणाली, “ओथमारचा हात शेवटी असाच लागायचा. गार आणि घामेजलेला.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम वर आलं. मी म्हणाले, “तुला काय माहीत? तू कधी धरलास त्याचा हात?”

“धरायचे. तू दूध आणायला खाली जायचीस तेव्हा.” माझ्याकडं न बघता ती सांगत होती. “तुझ्यासमोर बसले असते तर रडले असते. तू तेवढी खंबीर उभी, आणि मी रडत बसायचं? ते बरं दिसलं नसतं.”

लिअँडर समजूतदार आहे, तो दगड बघायला म्हणून लांब गेला. फिलोमेना खडकावर बसली, हात परकराला पुसला आणि जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगते.

“तो आजारी होता ना, ते तिन्ही उन्हाळे मी काठी ठेवली आणि गावासाठी काही मागितलंच नाही. फक्त त्याच्यासाठी मागितलं. गाव माझ्यामागं उभं होतं, मन रिकामं करून, माझ्यावर विसंबून. आणि मी त्यांचा नवस चोरला.”

“तो गेला त्या दिवशी पण?”

“त्या दिवशी तर मी जवळजवळ पळत गेले. लुडविना, मागायची माझी तीच एक जागा होती. घरात बसून मागितलेलं देव ऐकतो की नाही मला काय ठाऊक? तिथं मागितलेलं तो ऐकतो, एवढं मला ठाऊक होतं. बर्फ मागं जात होता ना.”

मी तिच्या शेजारी बसले. इतकी वर्षं मी समजून होते की ती बर्फासाठी गेली. ती ओथमारसाठी गेली होती. मी त्याच्या उशाशी बसून मागत होते आणि ती शेताच्या टोकाला उभी राहून मागत होती, एकच मागणं, एकाच वेळी, आणि त्यावरून मी तिला ते वाक्य ऐकवलं होतं. मला तिचा राग आला. तिनं सांगितलं नाही याचा आला, आणि मी विचारलं नाही याचा पण आला. मला रडू फुटलं. लपवायचा प्रयत्न केला नाही.

“मूर्ख बाई,” मी म्हणाले, “मला सांगायला तोंड नव्हतं का तुला?”

“काठीवालीनं मनातलं सांगायचं नसतं. आणि तू जे बोललीस त्यानंतर सांगितलं असतं तर तुला पटलं असतं का?”

नसतं पटलं. मी तसं कबूल केलं.

ती पुढं म्हणाली, “तरी तो गेलाच. आणि ही बघ, ही त्या वर्षी पण मागं गेली, मी एका शब्दानं न मागता. तेव्हाच मला कळलं की ही माझ्या मागण्यानं जात नाही. फादरांनी नवीन काय सांगितलं? मला ते कधीपासून माहीत आहे. त्यानंतर मी काठी ठेवायची आणि रिकामी उभी राहायची. तुम्हां सगळ्यांसारखी. इतकी वर्षं आपलं गाव क्रुसापाशी जाऊन उभं राहतंय आणि कुणीच काही मागत नाहीये. आता खरंच मागायची वेळ आली, तर कुठल्या तोंडानं मागू?”

तेव्हा मला कळलं की ‘मनात काय म्हणतेस ते कुणाला कळतंय’ हे ऐकून तिचा चेहरा का पडला होता. तिची समजूत काढावी असं वाटलं, पण समजूत काढायचं आमच्या दोघींत कधी नव्हतंच, जमलं नसतं. मी पिशवीतून काळा पाव काढला, चीजचा तुकडा कापला आणि तिच्या हातात दिला. तिनं चीज जाड कापलंय म्हणून सुनावलं आणि खाल्लं. लिअँडरला हाक मारून त्यालाही दिलं. उन्हात आम्ही तिघं बसून खात होतो. मधेच वर कुठंतरी बर्फाचा कडा तुटला, मोठा आवाज झाला आणि मग पुन्हा ते पाण्याचं वाहणं. ती दचकली.

“दिवसभर असंच चालू असतं?” तिनं विचारलं. लिअँडर म्हणाला, उन्हाळ्यात हो, रात्रीसुद्धा. कधी कधी त्याला झोप लागत नाही.

निघायची वेळ झाली तरी ती उठेना. लिअँडर जीप सुरू करायला पुढं गेला. मग ती हळूच म्हणाली, “मला वाटायचं, कुंपण ओलांडून आलेल्या मेंढीला हाकलतात तसं मी हिला हाकलतेय. ही एवढी मोठी आहे हे मला कुणी सांगितलं नाही. आणि एवढी मोठी असून अशी पाझरतेय. मला हिची कीव येतेय, लुडविना.”

“मग?”

“कीव आली की मागता येतं. ओथमारच्या वेळी तेच होतं. देव ऐकेल की नाही ऐकेल, ते त्याचं त्यानं बघावं. माझं खोटं नसलं म्हणजे झालं.” ती उठली, गुडघे चोळले. “पण एक अडचण आहे. काठी खाली ठेवली की माझ्या मनात पहिला ओथमारच येतो. अजून येतो. म्हणून तर मी मन रिकामं करायची, त्याला येऊ द्यायची नाही. आता हिच्यासाठी मागायचं तर तो मधे यायला नको. दोघांसाठी एका वेळी मागायला मला जमत नाही. तू त्याचं मागणं घे.”

मी तिला म्हटलं, अगं, बाकीच्यांनी त्या वेळी काही मागायचं नसतं. मी तर सून, बाहेरून आलेली.

“काठी कुणाच्या हातात आहे?” ती म्हणाली. “मी सांगतेय ना. तुझा नवरा आहे, तुझा हक्क आधी. मीच इतके दिवस धरून बसले होते.”

परतताना बोगद्यात, जीपमध्ये, रोपवेत, आम्ही कुंपणाबद्दल बोललो. घरी पोचल्यावर तिनं माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून काठी उचलून खाली नेली. दुसऱ्या दिवशी फादरांना निरोप गेला. गावाला वाटलं लुडविनानं जादू केली. दोनचार जणी तर मला विचारायला आल्या, काय म्हणून समजावलंस? मी म्हटलं, चीज खायला घातलं.

फेरीच्या दिवशी ऊन कडक होतं. सगळं गाव आलं होतं, बर्नहून माझा मुलगा पण आला होता. फिलोमेना काळ्या कपड्यांत पुढं, मागं फादर, मागं बायका, मग पुरुष. शेतं ओलांडून क्रुसापाशी आलो. तिथून आता वरची दिसत नाही, नुसता डोंगर दिसतो. फिलोमेनानं काठी आडवी ठेवली आणि ताठ उभी राहिली.

मी पहिल्यांदाच मन रिकामं करायला गेले नाही. ओथमारला मनात घेतलं. आधी काय मागायचं तेच कळेना. जिवंत माणसासाठी मागणं सोपं असतं, बरा होऊ दे एवढं म्हटलं की झालं. मेलेल्या माणसासाठी काय मागतात? त्याच्या छातीतली धूळ निघून जाऊ दे म्हटलं. त्याला श्वास लागू दे. त्याला कळू दे की आम्ही दोघी तेव्हा तिथंच होतो, एक वर आणि एक शेतात. मग बटाटे आठवले, त्याचे लाल झालेले कान आठवले, आणि मागणं बाजूला राहून मी त्याच्याशी नुसतं बोलतच बसले. कितीतरी साठलं होतं.

बराच वेळ झाला असणार. मागं लोक पाय बदलायला लागले, कुणीतरी खाकरलं. फिलोमेना काठी उचलायला वाकली आणि वाकलेलीच थांबली. काठीवालीनं मागं वळून बघायचं नसतं. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, झालं का म्हणून.

मी मान हलवली. नाही झालं अजून.

ती पुन्हा सरळ उभी राहिली आणि थांबली.